काहिलीभोवती : पहिल्या संगीत नाटकाच्या नृत्यरचनेच्या नोंदी

१ डिसेंबर २०२४, रविवार

आज संहितेचे पहिले वाचन झाले. नाटक नवे व दोन अंकी आहे आणि करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळघरात एका हंगामात घडते. गाणी अकरा आहेत. त्यांपैकी सात गाण्यांच्या समासात दिग्दर्शकांनी ‘हालचाल हवी’ एवढेच लिहिले आहे. मी अठरा वर्षे कथक करते आहे आणि गेली सहा वर्षे कोल्हापुरात राजारामपुरीत वर्ग चालवते. स्नेहसंमेलनांची नृत्ये पुष्कळ बसवली, पण नाटक कधी बसवलेले नाही. असे काम पहिल्यांदा करणाऱ्याने रोजचे टिपण ठेवलेले कोठे मिळते का, याची दोन-चार ठिकाणी चौकशी केली. मिळाले नाही, म्हणून हे माझे; काही नोंदींत नंतरची भरही आहे.

संचात चौदा जण आहेत : नऊ गाणारे नट, दोन न गाणारे आणि माझ्या वर्गातल्या तीन मुली. कोणी बँकेत आहे, कोणी शाळेत शिकवते, एक जण उद्यमनगरात दुसऱ्या पाळीला जातो आणि आठवड्याआड येऊ शकतो. तालीम संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ.

प्रयोग २३ फेब्रुवारीला आहे. शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभारलेले केशवराव भोसले नाट्यगृह या वर्षी ८ ऑगस्टला, गायक-नट केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, आगीत जळाले. तेव्हापासून गावातल्या साऱ्या संस्था उरलेल्या मोजक्या सभागृहांच्या तारखांमागे आहेत. आम्हाला जे सभागृह मिळाले त्याच्या रंगमंचाची दर्शनी रुंदी २६ फूट आणि खोली १८ फूट आहे. हे आकडे मी आज वहीत उतरवले खरे, परंतु त्यांचा अर्थ कळायला मला महिना लागला.

५ डिसेंबर, गुरुवार

संगीत दिग्दर्शकांनी तात्पुरते ध्वनिमुद्रण दिले आहे. त्यावर चार रात्रींत तीन गाणी बसवून झाली : चरक (ऊस पिळण्याचे यंत्र) सुरू होतानाचे केरव्यातले गाणे, मळी (उकळत्या रसावर येणारा मळ) काढतानाचे दादऱ्यातले गाणे आणि गुळाच्या सौद्यांचे गाणे. मळीच्या गाण्यात सहा मात्रांच्या आवर्तनावर आडीचे (दीडपट लयीचे) काम घातले आहे आणि चरकाच्या गाण्याचा शेवट चक्रदार तिहाईने, म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येऊन, केला आहे. आरशासमोर स्वतः करून पाहिले आणि समाधानाने झोपले.

(२० डिसेंबरची भर : या तिन्हींतले आज जवळजवळ काहीही शिल्लक नाही. चार रात्री, सुमारे चौदा तास, वाया गेले. ज्यांच्यासाठी रचना करायची त्यांना चालताना पाहिल्याशिवाय एकही पाऊल रचू नये.)

८ डिसेंबर, रविवार

दिग्दर्शक, मी आणि चार नट सकाळी गावाबाहेरच्या एका चालू गुऱ्हाळावर गेलो. तीन तासांत एका काहिलीचे (रस उकळण्याच्या मोठ्या कढईचे) पूर्ण काम पाहिले : चरकातून रस येणे, चुलवाणात (काहिलीखालच्या भट्टीत) वाळलेली चिपाडे (रस काढलेला ऊस) ढकलणे, भेंडीचे पाणी घातल्यावर वर येणारी मळी झाऱ्याने काढणे, फेस चढणे, गुळव्याने (गूळ करणाऱ्या कारागिराने) पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी पाहणे, आणि मग चार-पाच जणांनी मिळून काहील वाफ्यात (गूळ निववण्याच्या उथळ हौदात) ओतणे.

मी मोबाइलवर चित्रण करत होते आणि अधूनमधून ढवळण्याची नक्कल करत होते. गुळव्या मामांनी थोडा वेळ पाहिले आणि म्हणाले, “ताई, हातानं ढवळू नगासा, दमशीला. पाय रोवा आन् सगळ्या अंगानं ढवळा.” त्यांचे पाय खरोखरच हलत नव्हते. वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर जात होते, कंबर वळत होती आणि हात केवळ दांडा धरून होते. कथकात आमचे सारे काम पायांत आणि मनगटांत असते, त्यामुळे नेमके हेच माझ्या नजरेतून निसटत होते.

दुसरी गोष्ट अशी, की तेथे कोणीही एका लयीत काम करत नव्हते. चुलवाणापाशी बसलेल्याची लय वेगळी होती, मळी काढणाऱ्याची वेगळी. पण पाक तयार झाला असे मामांनी म्हणताक्षणी सगळे एका लयीत आले आणि काहील उतरेपर्यंत तसेच राहिले. एक लय सबंध गाण्यात नको, शेवटच्या दोन कडव्यांतच हवी, हे तेथेच ठरले. येताना काकवीची बाटली आणि नेपथ्यासाठी चिपाडांचे भारे फुकट मिळाले. टेम्पोचे ९०० रुपये झाले.

१२ डिसेंबर, गुरुवार

नटांबरोबर पहिली तालीम झाली आणि ती फसली. मी सवयीने “एक दोन तीन चार, पाचवर वळा, सातवर हात” असे शिकवू लागले. माझ्या मुलींना दहा मिनिटांत आले. नटांना दीड तासातही आले नाही, कारण ते आकडे मोजू लागले की शब्द विसरत आणि शब्द म्हणू लागले की आकडे. मी आवाज चढवला, ते चुकले. बँकेतले काका शांतपणे म्हणाले, “मॅडम, आम्हाला शब्द पाठ आहेत. कोणत्या शब्दाला वळायचं तेवढं सांगा.”

१६ डिसेंबर, सोमवार

सगळ्या गाण्यांची टिपणे नव्याने लिहिली. वहीच्या पानावर तीन रकाने केले : पहिल्यात ओळ, दुसऱ्यात ती ओळ म्हणताना कोठे जायचे, तिसऱ्यात श्वास. वळण ज्या अक्षरावर आहे त्याखाली रेघ. मात्रा फक्त वाद्यांच्या मधल्या तुकड्यांसाठी ठेवल्या, कारण तेथे शब्द नसतात. त्या जागीही नटांना मी तबल्याचे बोल पाठ करायला दिले. ‘धा गे ना ती’ लक्षात राहते, ‘एक दोन तीन चार’ राहत नाही. आठ मात्रांच्या तुकड्याला दोन दिवस लागत होते, ते काम वीस मिनिटांत झाले. आकडे नर्तकाला सोपे वाटतात ते केवळ वर्षानुवर्षांच्या सवयीमुळे.

१९ डिसेंबर, गुरुवार

गुळव्याच्या बायकोची भूमिका करणाऱ्या बाई नाट्यसंगीतात वाढलेल्या आहेत. त्यांच्या पदाच्या अंतऱ्यात मी तीन चक्कर आणि रंगमंचाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतचे चालणे ठेवले होते. दोनदा करून झाल्यावर त्या अत्यंत अदबीने म्हणाल्या, “ताई, एक तर मी गाईन, नाहीतर फिरेन. दोन्ही हवं असेल तर सुराची हमी देत नाही.”

मी स्वतः ते गात करून पाहिले. मला धड गाता येत नाही, पण दुसऱ्या चक्करनंतर दीर्घ ‘आ’ धरण्याइतकी हवा छातीत उरत नाही, हे कळायला गाता येण्याची गरज नव्हती. मग दोघींनी बसून पदावर श्वासाच्या खुणा केल्या आणि काही नियम ठरवले. जोराची हालचाल फक्त वाद्यांच्या तुकड्यांत. ओळ सुरू होण्याआधी दोन मात्रा स्थिर उभे राहणे. तानेच्या वेळी हात खांद्यांच्या वर नाही. हनुवटी वर करून वाकणे कोठेच नाही. सगळ्यांना घरचा अभ्यास दिला : रंकाळ्याच्या काठाने झपाझप चालत गाणे म्हणायचे आणि जेथे ओळ तुटेल तेथे कागदावर फुली मारायची. लोक पाहतात, ही तक्रार पहिल्याच दिवशी आली. पण फुल्या मिळाल्या आणि त्यांवरून चार ठिकाणच्या हालचाली काढून टाकल्या.

२६ डिसेंबर, गुरुवार

ध्वनिमुद्रणावर विसंबण्याची शिक्षा आज मिळाली. ऑर्गन आणि तबला प्रत्यक्ष तालमीला आले, तेव्हा सौद्यांचे गाणे बरेच संथ निघाले, कारण शब्द दाट आहेत आणि ध्वनिमुद्रणाच्या वेगाने ते प्रेक्षकाला कळणार नाहीत. माझ्या उड्या त्या लयीत हवेत लोंबकळू लागल्या. तबलजींना लय वाढवण्याची विनंती केली, तेव्हा संगीत दिग्दर्शकांनी मान हलवली, आणि त्यांचेच बरोबर होते. उड्या काढल्या, त्या जागी बोली लावणाऱ्यांचे एकेक पाऊल पुढे सरकणे ठेवले. गाणे अधिक चांगले झाले, हे मान्य करायला मला दोन दिवस लागले.

५ जानेवारी २०२५, रविवार

माझ्या वर्गाबाहेरची पहिली तालीम. वर्गातला आरसा येथे नव्हता आणि त्याबरोबर सगळ्यांची रांगही गेली. तीन आठवडे हे लोक स्वतःला आरशात पाहून अंतर ठेवत होते. शेजाऱ्याकडे पाहायला मी त्यांना शिकवलेलेच नव्हते. शिवाय मी आरशाकडे तोंड करून, त्यांच्याकडे पाठ करून शिकवले होते. आज समोर उभी राहिले तेव्हा माझा उजवा हात पाहून निम्मे लोक डावीकडे गेले.

जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीने २६ बाय १८ फुटांचा चौकोन आखला. पुढच्या कडेच्या मध्यावर शून्य, त्याच्या दोन्ही बाजूंना दर दोन फुटांवर आकडे. डावे-उजवे हे शब्द तालमीतून हद्दपार केले. एका बाजूच्या विंगेला ‘चरक’ आणि दुसरीला ‘चुलवाण’ अशी नावे दिली, कारण नेपथ्यात त्या वस्तू त्याच बाजूंना आहेत. चिकटपट्टीचे ३८० रुपये झाले. हा चौकोन पहिल्याच दिवशी आखायला हवा होता. आखला तेव्हा कळले, की मागच्या सहा फुटांत उंचवटे येणार असल्यामुळे माझ्याकडे खोलीला बाराच फूट आहेत आणि चौदा माणसे त्यांत दोन्ही हात पसरून उभी राहू शकत नाहीत.

९ जानेवारी, गुरुवार

काहिलीची प्रतिकृती आली. लोखंडी सांगाडा, वरून पत्रा, खाली चार चाके, ७,२०० रुपये. दिसायला उत्तम, वजनाला दोन माणसांना जेमतेम ढकलता येईल इतकी. चाकांना ब्रेक नाहीत, कारण ते सांगायचे मला सुचले नाही. मळीच्या गाण्यात एका नटाने कडेला हात टेकला आणि काहील सावकाश विंगेत निघून गेली. तो तिच्याबरोबर ढवळत ढवळत चालत राहिला. आम्ही सगळे हसलो, मीही. मग ब्रेकची दोन चाके बसवून घेतली. ६५० रुपये आणि तीन दिवस.

११ जानेवारी, शनिवार

दिग्दर्शकांनी वीस-पंचवीस ओळखीचे प्रेक्षक बोलावले आणि पहिला अंक सलग केला. दोन मोठ्या चुका हाती लागल्या.

पहिली तिहाईची. माझ्या मूळच्या तीन गाण्यांतली ही एकच गोष्ट मी हट्टाने टिकवली होती. चरकाच्या गाण्याच्या शेवटी सगळा संच तिहाई घेऊन समेवर थांबला आणि टाळ्या कडाडल्या. मला आनंद झाला; परंतु त्याच समेवर सावकाराचा प्रवेश आहे आणि त्याचे पहिले वाक्य, ज्यावर पुढचा सबंध प्रवेश उभा आहे, टाळ्यांत बुडाले. पुढची पाच मिनिटे प्रेक्षकांना हा माणूस कोण हेच कळले नाही. कथकाच्या मैफलीत समेवर येणे हा कबूल केलेला शेवट असतो आणि टाळी ही तिची पावती असते. नाटकात गाणे संपते तेथे गोष्ट संपत नाही. तिहाई काढली. आता शब्द समेच्या तीन मात्रा आधी संपतात, कोणीही थांबत नाही, चालू काम चालूच राहते, आणि सम एकटा तबला घेतो. त्या थापेवर सावकार दारात उभा दिसतो. टाळी येत नाही. वाक्य ऐकू येते. ही रचना मी मुलींना शिकवली तेव्हा त्यांचे चेहरे पडले होते.

दुसरी चूक वर्तुळाची. काहिलीभोवती आठ जणांचे वर्तुळ मी अभिमानाने बसवले होते. या सभागृहात बाल्कनी नाही आणि खुर्च्यांना पुरेसा उतार नाही. समोरून वर्तुळ दिसतच नाही. दिसतात त्या पुढच्या तिघांच्या पाठी. पाहुण्यांपैकी एका आजींनी विचारले, “ती सगळी कशाभोवती गोळा झाली होती गं?” सबंध नाटक ज्या वस्तूभोवती आहे तीच झाकली गेली होती. त्यावरचा उपाय म्हणून घोड्याच्या नालेसारखी, प्रेक्षकांकडे उघडी रचना केली, मागच्या तिघांना नऊ इंच उंचीवर चढवले आणि पुढच्या टोकांच्या दोघांना बसून करायचे काम दिले. यापुढे प्रत्येक रचना मी आधी खुर्चीत बसून पाहते आणि मगच उठून दुरुस्त करते.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. पाच जण आले. तिळगूळ खाल्ला, श्वासाच्या खुणा एकदा म्हणून घेतल्या, साडेआठला घरी.

१९ जानेवारी, रविवार

आज दृश्यबदलांची वेळ मोबाइलवर मोजली. दोन्ही अंकांत मिळून नऊ बदल आहेत. सर्वांत लांब ४१ सेकंदांचा, आणि सगळा अंधार एकत्र केला तर पाच मिनिटांच्या पुढे जातो. अंधारात काहील ढकलली जाते, कोणाचा तरी पाय चाकाखाली येता येता वाचतो, आणि गाण्याने तापवलेले सभागृह थंड होते. हे काम कोणाचे, यावर दिग्दर्शक आणि रंगमंच व्यवस्थापक यांच्यात थोडी वादावादी झाली. मी म्हटले, माझे. त्या क्षणी मला त्याचा आवाका ठाऊक नव्हता.

३० जानेवारी, गुरुवार

गेल्या अकरा दिवसांतल्या नऊ तालमी दृश्यबदलांवर गेल्या. नऊपैकी पाच बदल आता उजेडात, गाण्याच्या अखेरच्या कडव्यावर होतात. मजूर भारे उचलून नेतात तेव्हा त्यांच्या मागून काहील येते. बायका वाफ्याचे फडके दोन टोकांना धरून झटकतात, आणि फडके खाली येईपर्यंत त्याच्या आड ओसरीची खाट लागलेली असते. फडक्याच्या बदलाला ४१ सेकंदांऐवजी १४ लागतात आणि तेही गाण्यातच जिरतात. प्रत्येक वस्तूपुढे माणसाचे नाव लिहिलेला तक्ता दोन्ही विंगांत लावला. उरलेले चार बदल अंधारातच राहिले. त्यांना उपाय सापडला नाही.

प्रेक्षकांना हे नृत्य म्हणून दिसणार नाही. मला मात्र सगळ्या कामात याच नऊ तालमींचा अभिमान आहे, आणि पुन्हा काम मिळाले तर मी गाण्यांच्या आधी हेच बसवीन.

या काळात एक जुनी चूकही निस्तरली. गुऱ्हाळावरून आणलेली खरी चिपाडे तालमीत वापरू लागलो होतो. त्यांची धूळ गायकांच्या घशात जाऊ लागली, दोघांना खोकला जडला, आणि जमिनीवर पडलेल्या तुसांवरून पाय घसरू लागले. भारे टाकून दिले. गोणपाटात कापडाच्या चिंध्या भरून, वरून सुतळी गुंडाळून नवे भारे केले. १,१०० रुपये लागले. उजेडात खऱ्यांपेक्षा खरे दिसतात.

ऑर्गन वाजवणारे काका वयाने आम्हा सर्वांत थोर आहेत. केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श ही नाटक मंडळी १९०८ साली निघाली येथपासूनचा इतिहास ते चहाबरोबर सांगतात. आज त्यांनी मध्येच विचारले, “बाळ, मळीच्या गाण्याला वन्समोअर आला तर काय करायचं ठरलंय?” मी हसून म्हटले, “काका, आता कोण वन्समोअर देतं?” त्यांनी चहा संपवला आणि पुढे काही बोलले नाहीत.

२ फेब्रुवारी, रविवार

अपघात. दुसऱ्या अंकात एक मजूर दीड फुटाच्या उंचवट्यावरून उडी मारून खाली येतो आणि तेथून भांडण सुरू होते. न गाणाऱ्या दोघांपैकी एक ही उडी गेले दोन आठवडे रोज पाच-सहा वेळा, अनवाणी, फरशीवर मारत होता. आज घोटा मुरगळला. डॉक्टरांनी तीन आठवडे विश्रांती सांगितली, म्हणजे प्रयोग हुकला. चूक सर्वस्वी माझी. मी लहानपणापासून पाय आपटत आले आहे. चाळिशीतल्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाच्या घोट्याला तो सराव नाही, आणि मी तालमीआधी पाच मिनिटांचेही अंग मोकळे करून घेत नव्हते. उपचारांचे १,२०० रुपये संस्थेने दिले.

उडी काढली. त्या जागी तो भारा खाली फेकतो आणि मागून पायरीने उतरतो. भाऱ्याचा आवाज उडीपेक्षा मोठा येतो. आजपासून प्रत्येक तालमीची पहिली पंधरा मिनिटे घोटे, गुडघे आणि कंबर यांसाठी.

भूमिका कोणी करायची हा प्रश्न होता, कारण त्याच्या जागा दुसऱ्या कोणालाच पाठ नव्हत्या. माझ्या मुलींपैकी एकीने मजुराऐवजी मजूरबाई म्हणून ती घेतली आणि दिग्दर्शकांनी चार वाक्ये बदलली. तीन तालमी त्यात गेल्या. एका व्यक्तीला पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या जागा शिकवून बाजूला ठेवायला हवे होते.

९ फेब्रुवारी, रविवार

कपडे आले. पाच शिवलेल्या नऊवारी, प्रत्येकी १,४००. मुलींना वेषांतराला ५० सेकंद आहेत, म्हणून नेसायची साडी शक्यच नव्हती. पहिल्याच तालमीत एकीचा काष्टा काहिलीच्या चाकात अडकला. चाकांवर पत्र्याची झालर लावून घेतली. उरलेल्या पत्र्यातच झाल्यामुळे वेगळे पैसे पडले नाहीत.

दिग्दर्शकांनी आज सौद्यांच्या गाण्यानंतरचे मुलींचे नृत्य अडीच मिनिटांवरून चाळीस सेकंदांवर आणले. ते म्हणाले, “छान आहे, पण तेवढा वेळ गुळव्या कुठे असतो?” मला उत्तर देता आले नाही. आजही राग गेलेला नाही, पण उत्तरही सापडलेले नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

ध्वनिव्यवस्थेसह तालीम. पाच कॉलर माइक भाड्याने घेतले आहेत. कथकात हात फिरून पुन्हा छातीपाशी येऊन थांबतो, आणि माइक नेमका तेथेच असतो. प्रत्येक हस्तकाला खर्रर्र असा आवाज. मी माझ्या अंगात इतकी मुरलेली गोष्ट नटांनाही नकळत दिली होती. सगळ्यांचे हात कमरेशी आणले, जे गुऱ्हाळातल्या माणसांना अधिक शोभते.

घुंगरूही गेले. रंगमंचाच्या पुढच्या कडेला ठेवलेले माइक घुंगरांचा नाद आधी उचलतात आणि शब्द नंतर. मुलींच्या चाळीस सेकंदांपुरते ते राहिले आहेत; विंगेत बांधायला वेळ नसल्यामुळे चामडी पट्ट्यांवर शिवून घेतले.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंती. मिरवणुकांमुळे रस्ते बंद, तालीम नाही. वहीतला तिसरा रकाना सगळ्यांना फोनवर वाचून दाखवला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

रंगीत तालीम. सभागृह आम्हाला दुपारी दोनऐवजी पाचला मिळाले, त्यामुळे प्रकाशाच्या खुणा दुसऱ्या अंकाच्या मध्यापर्यंतच झाल्या. रंगमंचाच्या फळीत दोन ठिकाणी खिळे वर आलेले सापडले. अनवाणी तेरा जण, म्हणून सगळी फळी हाताने चाचपून पाहिली. चिकटपट्टीचे आकडे पुढच्या कडेवर लावले. रात्री साडेबाराला घरी आले.

२३ फेब्रुवारी, रविवार

प्रयोग झाला. चरकाच्या गाण्यानंतर टाळी आली नाही आणि सावकाराचे वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत पोचले. फडक्याच्या बदलाला प्रेक्षकांतून “अरे वा” असा आवाज आला, ज्याची मला अपेक्षा नव्हती. दुसऱ्या अंकात बँकेतले काका चुलवाणाऐवजी चरकाच्या विंगेतून आले आणि भारा नसल्यामुळे रिकामे हात खांद्यावर धरून शांतपणे रंगमंच ओलांडून गेले. कोणालाही काही वाटले नाही.

आणि मळीच्या गाण्याला वन्समोअर आला.

गाण्याच्या शेवटच्या ओळीवर काहील विंगेकडे निघते, आणि मागची दोन चाके विंगेत गेली असताना तिसऱ्या-चौथ्या रांगेतून आवाज उठला. ऑर्गनवाल्या काकांनी क्षणभरही न थांबता अंतऱ्याचा पहिला सूर धरला. त्यांच्या दृष्टीने दुसरा काही प्रश्नच नव्हता. मुख्य गायिका वळल्या आणि गाऊ लागल्या. बाकीचे सात जण भारे, झारे आणि फडके घेऊन अर्ध्या वाटेवर होते. काहील ढकलणारे दोघे थांबले, त्यांनी एकमेकांकडे पाहिले आणि ती परत आणू लागले, तर बायका फडक्याचे टोक धरून त्याच वाटेवर. काहील फडक्यावर चढली. ती सोडवेपर्यंत अंतरा संपत आला होता, आणि उरलेल्या दोन ओळी पाच जणांनी काहील जेथे अडली तेथेच, रंगमंचाच्या एका कडेला, ढवळत म्हटल्या. टाळ्या पहिल्यापेक्षा जोरात आल्या. मी विंगेत डोळे मिटून उभी होते.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

हिशेब. काहील ७,२००, ब्रेक ६५०, चिकटपट्टी ३८०, साड्या ७,०००, टेम्पो ९००, नवे भारे १,१००, उपचार १,२००, आणि दृश्यबदलांसाठी जादा घेतलेल्या सहा संध्याकाळींचे भाडे २,४००. एकूण २०,८३० रुपये. मला मंजूर झालेली रक्कम १२,००० होती. वेळेचा हिशेब असा, की सुमारे २४ मिनिटांच्या हालचालीसाठी ७२ तास तालीम झाली, म्हणजे एका मिनिटाला तीन तास. त्यात माझे घरचे काम धरलेले नाही.

दुसऱ्या प्रयोगाची बोलणी चालू आहेत. त्याआधी काकांकडे जाऊन आले. मळीच्या गाण्याला वन्समोअर आला तर ध्रुवपद नाही, फक्त अंतरा घ्यायचा. काहील निघण्याची खूण शेवटच्या ओळीवरून काढून ती ओळ संपल्यानंतरच्या चार मात्रांवर नेली आहे. आणि काकांनी उजवा हात ऑर्गनवरून उचलला तरच चाकांचे ब्रेक सुटतील. हात उचलला नाही तर सगळे जागच्या जागी ढवळत राहतील. उद्या साडेसातला हे दहा वेळा करून पाहायचे आहे. काका येतो म्हणाले आहेत.